काळा पडदा की विझलेला पडदा?

सदर : घरातले यंत्र



लावण्या उरकल्या, अंगावरचा चिखल सुकला. आता घडीभर टेकून वाचायला तुम्हाला सवड झाली असेल. म्हणून या वेळी जरा निवांतपणे सांगण्यासारखी गोष्ट घेतली आहे. गोष्ट कॉम्प्युटरची आहे, पण 'आमच्या घरी कॉम्प्युटर नाही' असे म्हणून पान उलटू नका. टीव्ही तर आहे ना? मग ही गोष्ट तुमचीही आहे. आणि घरात एखादी वस्तू बिघडली की आपण आधी कोणाकडे बोट दाखवतो, तेही तिच्यात आहे.

मागच्या पंधरवड्यात मुळशी धरणाच्या काठच्या एका गावी जाणे झाले. पावसाचा जोर ओसरला होता, तरी ताम्हिणीच्या अंगाला ढग डोंगरावर टेकलेलेच होते. खाचरांत इंद्रायणीची रोपे नुकती जीव धरू लागली होती. ज्या घरी उतरलो त्या घरच्या माजघरात, धान्याच्या कणगीशेजारी, टेबलावर एक कॉम्प्युटर आहे. थोरली नात बारावी होऊन पुढे शिकते. तिचा अभ्यास त्याच्यावर चालतो आणि वाडीतल्या चार घरांची कामेही त्याच्यावरच होतात. २०१८ सालापासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला, २०२१ साली आपल्या पिकाची नोंद आपणच करायची ई-पीक पाहणी आली. तेव्हापासून 'बाय, जरा बघ गं माझं' म्हणत कोणी ना कोणी तिच्या दारी येतेच.

पण मी गेलो तेव्हा त्या कॉम्प्युटरवर चादर घातलेली होती.

"बिघडलाय त्यो," मुलीचे वडील म्हणाले. "पडदा काळा झाला की बंदच पडतोय. महिना झाला."

चौकशी करता कळले ते असे. मॉनिटर वर्षापूर्वी जुनाच, पण चांगल्या स्थितीतला घेतलेला. अकरा महिने बिनतक्रार चालला. मग एकाएकी हे सुरू झाले. वडिलांनी तो गोणपाटात गुंडाळून एस.टी.ने शहरात नेला. तिथल्या दुरुस्तीवाल्याने लावून पाहिला, पडदा विझलेला पाहिला आणि सांगितले, "बोर्ड गेला. चार हजार लागतील." चार हजार म्हणजे खताच्या दुकानाची सगळी उधारी. वडिलांनी मॉनिटर तसाच परत आणला.

घरात मग नेहमीचे झाले. आजी म्हणाली, "रातंदीस त्याच्यापुढं बसती ही. तापून जळला असंल." वडील म्हणाले, "हिनंच काय तरी दाबलं." पोरीने दोनदा 'मी काही केलं नाही' म्हणून सांगितले, तिसऱ्यांदा सांगायचे सोडून दिले. मॉनिटरवर चादर पडली आणि 'आता हात लावायचा न्हाई' असा हुकूम झाला. परीक्षेचा फॉर्म भरायला ती शेजारच्या गावी जाऊन आली.

ओटीवर आबा, म्हणजे मुलीचे आजोबा, बसले होते. ते एवढेच म्हणाले, "आमच्या वाडवडलांच्या जमिनी गेल्या ह्या पाण्यात. त्या पाण्याची वीज झाली, ती ममईला गेली. आन् आमच्याच घरात ह्या डब्याला उजेड न्हाई!"

आबांच्या बोलण्यातले दुखणे खरे आहे. टाटांच्या मुळशी धरणासाठी जमिनी जाऊ लागल्या तेव्हा १९२१ साली मावळ्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापटांनी त्याचे पुढारपण केले, तुरुंग सोसला. १९२४ पर्यंत लढा चालला, तरी धरण झालेच. ते पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून खाली कोकणात भिऱ्याला सोडले जाते आणि तिथे १९२७ पासून वीज तयार होते. पण त्या दिवशीच्या बिघाडात दोष विजेचाही नव्हता आणि पोरीचाही नव्हता.

तिला कोणी विचारलेच नव्हते

मी चादर काढली आणि मुलीला विचारले, "ताई, हा नेमका केव्हा बंद पडतो?"

तिने वहीचे शेवटचे पान उघडून माझ्यापुढे धरले. त्यावर तिने सगळे लिहून ठेवले होते. कॉम्प्युटर सुरू होताना मध्ये पडदा काळा होतो, तेव्हा जातो. धड्याचा व्हिडिओ संपून काळे झाले की जातो. रात्रीचा देखावा असला, त्यात एखादा दिवा वा चांदणे दिसत असले, तर जात नाही. सगळेच्या सगळे काळे झाले तरच जातो. आणि पांढरे काही आले की आपला आपण परत येतो. आवाज मात्र मध्येही चालू असतो.

मंडळी, निम्म्याहून अधिक निदान त्या पानावर झालेले होते. महिनाभर ते वहीत पडून होते, कारण तिला कोणी विचारलेच नव्हते. 'तू काय केलंस' असे सगळ्यांनी विचारले. 'तू काय पाहिलंस' असे एकानेही विचारले नाही.

पडदा काळा कसा होतो?

आता यातली गोम समजून घेऊ. त्यासाठी पडद्याच्या पोटात काय असते ते पाहिले पाहिजे.

१९८२ च्या एशियाडच्या वेळी आपल्याकडे रंगीत टीव्ही आले. ते पेटीएवढे, मागे पोट सुटलेले. त्यात काचेच्या मोठ्या नळीत मागून विजेच्या कणांचा झोत येई आणि पुढच्या काचेवरचा लेप त्याने उजळे. झोत नसला की तेवढी जागा काळी. म्हणजे तिथे काळे म्हणजे उजेडच नाही.

आताच्या साध्या चपट्या पडद्याचे तसे नाही. पडद्याला स्वतःचा उजेड नसतो. त्याच्या मागे एक पांढरा दिवा सतत जळत असतो. पूर्वी त्या बारीक ट्यूब असत, आता एलईडीच्या पट्ट्या असतात. पुढे लाखो बारीक झडपा असतात. झडप उघडली की उजेड पुढे येतो, मिटली की अडतो. पांढरे दिसते तेव्हा झडपा उघड्या, काळे दिसते तेव्हा मिटलेल्या. पण मागचा दिवा दोन्ही वेळा जळतच असतो!

पेटत्या कंदिलावर घोंगडी टाका. खोली अंधारी होईल, पण घोंगडीच्या विणीतून थोडा उजेड झिरपेलच. पडद्याच्या झडपांतूनही तसाच झिरपतो. म्हणून अंधाऱ्या खोलीत अशा पडद्यावरचे काळे हे काजळासारखे काळे दिसत नाही, राखाडी दिसते.

कारखानदारांना हे राखाडी काळे खटकले. त्यांनी युक्ती काढली. सगळे चित्र काळे असेल तर घोंगडी कशाला, कंदिलाची वातच खाली करावी! मॉनिटरमधले यंत्र येणारे चित्र सारखे तपासत असते. चित्र अंधारे झाले की मागचा दिवा मंद करते, आणि सगळे काळे झाले की काही मॉनिटर दिवा पार विझवूनच टाकतात. उजेडाचे काही आले की पुन्हा लावतात. या सोयीला 'डायनॅमिक कॉन्ट्रास्ट' म्हणतात.

त्यात जाहिरातीचा डावही आहे. पांढरे हे काळ्याच्या किती पट उजळ, हा आकडा खोक्यावर छापतात. साध्या चपट्या पडद्याचा खरा आकडा साधारण हजाराला एक, काही जातींत तीन हजाराला एक. पण काळ्याच्या वेळी दिवाच मालवला तर आकडा हवा तेवढा फुगवता येतो. म्हणून खोक्यावर 'एक कोटीला एक' असले आकडे दिसतात. एकाच वेळी एकाच चित्रात एवढा फरक तो पडदा दाखवू शकत नाही. बाजारात दाणे वरून भिजवून वजन वाढवावे, तशातलाच हा प्रकार.

म्हणजे त्या घरातला मॉनिटर बिघडलेला नव्हता. त्याला सांगितलेले काम तो इमानाने करत होता. फक्त ते काम घरच्या कोणाला ठाऊक नव्हते.

माऊसच्या बाणाची परीक्षा

हे खरे की खोटे, ते पाहायला पैसा लागत नाही. आम्ही पाहिले तसे तुम्हीही पाहा.

कॉम्प्युटरवर 'पेंट' नावाचा चित्रे काढायचा कार्यक्रम असतो. त्यात सगळा कागद काळ्या रंगाने भरला आणि वरच्या रांगेतले 'एफ ११' हे बटण दाबून चित्र पडदाभर केले. दोन-तीन सेकंदांत पडदा विझला. आजी म्हणाली, "बघा, गेला!"

मी वडिलांना म्हटले, "आता माऊस जरा हलवा."

त्यांनी भीतभीतच हलवला. माऊसचा पांढरा बाण, बोटाच्या पेराएवढाही नाही, पडद्याच्या कडेला आला, आणि मागचा दिवा भपकन लागला. बाण नेला की विझे, आणला की लागे. वडिलांनी चार-पाच वेळा करून पाहिले.

"म्हंजे ह्यो मेला नव्हता," ते म्हणाले. "रात झाली समजून झोपत हुता!"

अगदी बरोबर. आणखी एक खूण मुलीनेच दाखवली. मॉनिटरच्या खालच्या कडेला बारीक दिवा असतो. पडदा विझला तरी तो दिवा निळाच होता. कॉम्प्युटर बंद केला, तेव्हा मात्र तो नारिंगी झाला. निळा म्हणजे 'जागा आहे', नारिंगी म्हणजे 'झोपलो'. रंग निरनिराळ्या कंपन्यांचे निरनिराळे असतात, कोठे पांढरा, कोठे हिरवा, कोठे झोपेत मिचमिचणारा. तुमच्या मॉनिटरचे दोन्ही रंग एकदा चांगल्या दिवशी पाहून ठेवा. बिघाडाच्या दिवशी कामाला येतात.

उपाय बटणात होता

मॉनिटरच्या कडेखाली किंवा मागे तीन-चार बटणे असतात. त्यांतले एक दाबले की पडद्यावर यादी येते. तिच्यात 'पिक्चर' किंवा 'इमेज' या नावाखाली 'डायनॅमिक कॉन्ट्रास्ट' शोधायचे आणि 'ऑफ' करायचे. नाव मात्र सगळीकडे एक नसते. एसरच्या मॉनिटरवर ते 'एसीएम', असूसच्या 'एएससीआर', फिलिप्सच्या 'स्मार्टकॉन्ट्रास्ट', एलजीच्या जुन्या मॉनिटरवर 'डीएफसी', आणि कित्येकांवर नुसते 'डीसीआर' असे लिहिलेले असते.

काही मॉनिटरवर ही सोय सगळ्या वेळी चालू नसते. चित्राचे तयार प्रकार असतात, 'स्टँडर्ड', 'टेक्स्ट', 'मूव्ही', 'गेम' असे. त्यांतल्या 'मूव्ही' आणि 'गेम' या प्रकारांतच ती चालू होते. त्या घरी यादी उघडली तर प्रकार होता 'मूव्ही'. मुलीने तो 'स्टँडर्ड' केला. पुन्हा काळे चित्र लावले. दहा मिनिटे झाली, पडदा विझला नाही. फक्त काळे जरा राखाडी दिसू लागले. ते तसेच दिसायचे, त्याला दोष समजू नका.

मग 'मूव्ही' केला कोणी, असा प्रश्न आला. वडील थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "एक महिन्यामागं, लई पाऊस हुता त्या राती, सगळ्यांनी मिळून पिक्चर बघितला. चित्र अंधारं दिसतंय म्हणून मीच बटणं दाबली हुती."

आजी हसली. आबाही हसले. पोर हसली नाही, तिचे डोळे भरले. वडिलांनी ती चादर घडी करून कपाटात ठेवली आणि म्हणाले, "आता ही झाकायची न्हाई. आन् हितनं पुढं बिघडलं तर आधी हिला इचारायचं."

चार हजार वाचले हे तर झालेच. पण त्या घरात त्या दिवशी जे मिळाले ते चार हजारांहून मोठे, असे मला वाटते.

सगळेच विझणे सारखे नसते

आता हे वाचून तुम्ही प्रत्येक विझलेल्या पडद्याला 'डायनॅमिक कॉन्ट्रास्ट' म्हणू नका. ताप एक असला तरी दुखणी वेगळी असतात. ओळखायचे कसे, ते सांगतो.

(१) ठराविक वेळाने जातो. कोणी हात लावला नाही की पाच-दहा मिनिटांनी पडदा जातो, माऊस हलवला की येतो. ही कॉम्प्युटरची स्वतःची झोप. वीज वाचवायला ती मुद्दाम ठेवलेली असते. १९९२ साली अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने वीज वाचवणाऱ्या यंत्रांना 'एनर्जी स्टार' हे चिन्ह द्यायला सुरुवात केली, तेव्हा पहिला मान कॉम्प्युटर आणि मॉनिटर यांनाच मिळाला. पुढच्याच वर्षी कॉम्प्युटरने मॉनिटरला 'झोप' असे कसे सांगायचे, याचा सर्व कंपन्यांसाठी एक नियम ठरला. ही झोप कमी-जास्त करायची तर कॉम्प्युटरच्या 'सेटिंग्ज'मध्ये 'पॉवर' या सदरात मिनिटांचा आकडा बदलावा.

(२) आधी पडदा जातो, मग 'नो सिग्नल' अशी अक्षरे येतात. इथे कॉम्प्युटरकडून चित्रच पोहोचत नाही. इथे काळे झाले म्हणून मॉनिटर गेला असे नाही, चित्र तुटले म्हणून काळे झाले. वायरची दोन्ही टोके काढा, फुंकर मारून नीट बसवा. जुन्या निळ्या टोकाच्या वायरला दोन बाजूंना स्क्रू असतात, ते हाताने आवळा. शेजाऱ्याची वायर घटकाभर लावून पाहा. एकाच वायरीला दोन तोंडांची जागा असेल तर दुसऱ्या तोंडात लावा. बहुतेक वेळा एवढ्यावर भागते. टीव्हीला सेट-टॉप बॉक्स जोडला असेल तर तिथेही हेच.

(३) चित्राचा आकार बदलताना, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताना किंवा सिनेमा पडदाभर करताना, दोन-तीन सेकंद काळे होते आणि येते. हा बिघाड नाही. मॉनिटर आणि कॉम्प्युटर तेवढा वेळ एकमेकांशी जुळवून घेत असतात. मात्र तेवढ्यातच मॉनिटर गाढ झोपला आणि उठेचना, तर त्याच्या यादीत 'डीप स्लीप' किंवा 'ऑटो पॉवर ऑफ' असे काही आहे का पाहून ते 'ऑफ' करावे.

(४) काळे असो की पांढरे, कशावरही जातो. लावला की एक-दोन सेकंद चित्र दिसते आणि विझते, किंवा तापल्यावर लुकलुकतो. हा मात्र खरा बिघाड. अंधारात पडद्यावर तिरकी बॅटरी मारून पाहा. चित्र पुसट दिसले तर चित्र येते आहे, मागचा दिवा गेला आहे. दुरुस्तीवाल्याला एवढे सांगितले तरी त्याचा निम्मा वेळ वाचतो.

या चौथ्या प्रकाराचा एक अनुभव सांगतो. दूध संकलनाच्या एका ठिकाणी जुना मॉनिटर होता. सकाळी गवळी रांगेत उभे आणि पडदा दर दोन मिनिटांनी विझे. तिथे आम्ही बाणाची परीक्षा केली. बाण दिसत असतानाही पडदा गेला, म्हणजे 'रात झाली' असे समजून तो जात नव्हता. एका जाणत्या कारागिराने तो उघडला तेव्हा वीज पुरवणाऱ्या भागातले दोन कंडेन्सर वरून फुगलेले निघाले. पंख्याचा कंडेन्सर गेला की पंखा घुटमळतो, मोटारीचा गेला की ती गुंगुं करते, तसेच हे. मॉनिटरमधले कंडेन्सर करंगळीच्या टोकाएवढे असतात. डोके सपाट असले तर ठीक, फुगले वा चिकट पाणी सुटले तर गेले. ते बदलायला मॉनिटरच्या किमतीच्या मानाने फार थोडा खर्च आला आणि तोच मॉनिटर पुढे चालला.

पाहा, दोन्हीकडे तक्रार एकच, 'पडदा बंद पडतो'. एका ठिकाणी बटण, दुसऱ्या ठिकाणी कंडेन्सर. फरक कळला तो केवळ 'केव्हा आणि कशावर जातो' हे नीट पाहिल्यामुळे.

टीव्हीवाल्यांसाठी

टीव्हीतही ही युक्ती असते. सिनेमा सुरू होण्याआधी पडदा काळा होतो आणि खोलीत एकदम गुडूप अंधार होतो, हे तुम्ही पाहिले असेल. टीव्हीच्या यादीत 'डायनॅमिक कॉन्ट्रास्ट', 'लोकल डिमिंग' किंवा 'इको' या नावाने ती सापडेल. तिचा त्रास नसेल तर ती आहे तशी राहू द्या, तिने यंत्र बिघडत नाही. उलट मागचा दिवा विझला की थोडी वीजही वाचते. मात्र मागे ट्यूब असलेल्या जुन्या मॉनिटरवर ती बंद ठेवलेली बरी. घरातली ट्यूबलाइट वारंवार लावली-मालवली की लवकर जाते, तसेच त्या ट्यूबचे असते.

हे मात्र करू नका

यंत्र घरी उघडू नका. पिन काढून ठेवली तरी आतल्या मोठ्या कंडेन्सरमध्ये वीज साठून राहिलेली असते आणि ती जोराचा झटका देते. पेटीएवढा जुना टीव्ही तर मुळीच उघडू नये. त्याच्या नळीत हजारो व्होल्टचा दाब असतो.

विजा कडाडू लागल्या की नुसते बटण बंद करून भागत नाही. पिन बोर्डातून काढा, आणि इंटरनेटची वा डिशची वायर असेल तर तीही काढा. गावच्या टोकाच्या घरांत व्होल्टेज वरखाली होते. तिथे सगळी यंत्रे एकाच बोर्डावर लोंबकळत ठेवू नका, वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या.

पावसाळ्यात मॉनिटर भिंतीला चिकटवून ठेवू नका. ओल धरते. मागच्या जाळीतून मुंग्या आणि पाली उबेला शिरतात. वापरानंतर झाकायचा असेल तर गार झाल्यावर झाका, चालू असताना जाळीवर कापड टाकू नका.

दुकानात नेण्याआधी

वस्तू दुरुस्तीला नेण्याआधी एक कागद घ्या आणि चार ओळी लिहा. केव्हापासून होते? कशावर होते आणि कशावर होत नाही? होते तेव्हा बारीक दिव्याचा रंग कोणता असतो? त्याआधी घरात कोणी काय बदलले? चौथी ओळ लिहिताना मात्र आरोप करायचा नाही. 'कोणी बिघडवले' असे विचारले की घरातली माणसे गप्प बसतात, आणि मग बिघाडही सापडत नाही. 'काय बदलले' असे विचारले की माणसे आठवू लागतात.

दुरुस्तीवाला 'बोर्ड गेला' म्हणाला तर त्याच्याशी भांडू नका. तोही दिवसभर पंचवीस यंत्रे पाहतो, त्याला तुमच्या घरचे ठाऊक नसते. शांतपणे विचारा, "पांढरं चित्र लावलं तर किती वेळ टिकतो, ते जरा बघता का?" पांढऱ्यावर तासभर टिकला आणि काळ्यावरच विझला, तर बोर्ड बदलण्याआधी यादीतले ते बटण पाहायला सांगा. पैसे देण्याआधी बदललेला जुना भाग मागून घ्या.

आणि शेवटचे. घरात जी व्यक्ती यंत्र सर्वांत जास्त वापरते, तिलाच त्याची खोड सर्वांत आधी कळते. शिलाई मशिनची खोड घरच्या बाईला कळते, गिरणीची गिरणीवाल्याला, म्हशीची धार काढणाऱ्याला. कॉम्प्युटरची कळते ती घरातल्या पोरापोरींना. त्यांच्यावर आळ घेण्याआधी त्यांना विचारून पाहा. कदाचित वहीच्या शेवटच्या पानावर उत्तर लिहिलेलेही असेल.

मी निघालो तेव्हा वाडीतली एक आजीबाई सातबारा काढायला दारात आली होती. आत माजघरात पडदा उजळलेला होता, आणि आबा ओटीवरून ओरडून सांगत होते, "या, या! आमचा डबा जागा झाला!"

पुढच्या वेळी भेटूच. तोवर राम राम!